शुद्धीत ये, मग देतो

“माझी अमानत द्या! काका, माझी अमानत द्या, नाहीतर आज हे गेट खाऊन टाकीन मी!”

पोरगा हॉस्टेलच्या गेटच्या गजांना लोंबकळून ओरडत होता आणि गेट असं हलत होतं, की तिकडे किल्ल्यावरच्या बुरुजांनी एकमेकांना विचारलं असेल, बाबांनो, आता पुन्हा कोणाची फौज आली? दिवेलागणीची वेळ होती. मेसमध्ये डाळीला फोडणी पडली होती. वरच्या मजल्याच्या कठड्यावर अख्खं हॉस्टेल वाळत घातलेल्या चादरींसारखं लटकून खाली बघत होतं. मी त्या कॉलेजातला खेळांचा मास्तर. व्हॉलीबॉलची जाळी खांद्यावर टाकून घरी निघालो होतो, तो तिथेच थबकलो. फुकटचा तमाशा सोडून पुढे जाणं आमच्या खानदानात बसत नाही.

गेटच्या आत, स्टुलावर, सुभेदार लसूण सोलत बसले होते.

सुभेदार म्हणजे आमच्या हॉस्टेलचे वॉर्डन. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, शहराला लागून असलेल्या मुरारचे राहणारे. घराणं कधीकाळी दख्खनेतून तलवार घेऊन उत्तरेत आलेलं आणि मग इथेच रुजलेलं. पोरं त्यांना काका म्हणायची. आवाज कधी चढवायचे नाहीत. चढवायची गरजच नव्हती. त्यांच्या मिशा इतक्या भरघोस होत्या की अर्धं काम त्याच करायच्या.

“अमानत तुझी आहे ना?” त्यांनी लसणावरून नजर न काढता विचारलं.

“आहे!”

“मग आहे. कुठे जात नाही.”

“आत्ताच्या आत्ता पाहिजे!”

“तोंड उघड.”

पोराने आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. वास माझ्यापर्यंत आला. खांद्यावरच्या जाळीला चढली असती, असा वास.

“शुद्धीत ये, मग देतो.”

“मी शुद्धीतच आहे ना, काका! एकदम होश मध्ये आहे.”

“आज वार कोणता?”

पोरगा विचारात पडला. बोटं मोजली. मग मोठ्या खात्रीने म्हणाला, “परवा मंगळवार होता.”

वरचा मजला हसून फुटला. मीही हसलो. शेवटी पोरगाही हसला, हसता हसता गेटला पाठ लावून खाली बसला आणि रडायला लागला. “काका, तुम्ही माझ्या बाबांसारखे आहात. कसम से. बाबांपेक्षा जास्त आहात.”

सुभेदारांनी गेट उघडलं, त्याला आत ओढलं आणि त्याच्या ओंजळीत लसणाचे गड्डे टाकले. “हे सोल.”

तो नाक ओढत लसूण सोलत बसला. मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं की एका पोराने आज हॉस्टेलचं गेट उपटून खांद्यावर घेतलं होतं.

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायचं, अशी आमच्या खासगी बाजार मोहल्ल्यातल्या घराची रीत आहे. बायको पाऊण हिस्सा वजा करते. तुम्हीही हवं तेवढं करा. पण ही अमानत काय होती ते सांगतो, त्यात वजाबाकीला जागा नाही.

तुम्हा पुण्या-मुंबईकडच्या लोकांचा कट्टा म्हणजे गप्पा मारायची जागा. आमचा कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. एका वेळी एक गोळी, आणि तीही कोणत्या टोकाने निघेल याची हमी बनवणाराही देत नाही. आमच्या भागात हत्यार हा पुरुषाचा दागिना आहे. म्हशीची धार काढायला जाणारा माणूस खांद्यावर दुनळी टाकून जातो. मी एकदा दाढी करायला गेलो, तर शेजारच्या खुर्चीत एक बंदूक रेलून बसलेली होती आणि न्हावी तिला विचारत होता, कटिंग की दाढी?

बरं, एवढी हत्यारं असताना लग्नंकार्यं कशी पार पडतात? त्याचीही एक रीत आहे. मांडवाच्या दाराशी वधूकडचा एखादा वजनदार म्हातारा खाट टाकून बसवतात. पाहुणे हत्यार त्याच्या हवाली करतात, आत जातात, जेवतात, निघताना परत घेतात. पावती नाही, चिठ्ठी नाही. कोणाची कोणती ते म्हाताऱ्याला पाठ. ही अमानत. विश्वासाने ठेवलेली वस्तू. ती परत न देणं म्हणजे चोरी नव्हे, चोरीच्या वर काही असेल तर ते. त्या म्हाताऱ्याच्या नातवंडांना पुढे कोणी मुलगी देणार नाही. अपवाद एकच. पाहुणा पिऊन झिंगलेला असला, तर वस्तू त्याच्या हातात द्यायची नाही. भावाला द्यायची, नाहीतर तो शुद्धीत येईपर्यंत वाट बघायची.

सुभेदारांनी मांडवाच्या दारातली ही रीत उचलून हॉस्टेलच्या दारात आणली.

पोरं गावागावांतून यायची. बॅगेत लोणच्याची बरणी, आईने दिलेले लाडू, आणि खाली पायजम्यात गुंडाळलेलं हे. सुभेदार झडती घेत नसत. पहिल्या दिवशी पोराला खोलीत बोलवायचे, चहा द्यायचे आणि म्हणायचे, “बेटा, काही जड आणलं असशील तर माझ्याकडे ठेव. पोलीस नाही, प्रिन्सिपॉल नाही. तुझी वस्तू तुझीच. शुद्धीत मागशील तेव्हा मिळेल.” आणि पोरं द्यायची! मी डोळ्यांनी बघितलंय. पिळदार शरीराची पोरं, ज्यांच्याकडून मला सकाळच्या हजेरीला एक ‘येस सर’ मिळवणं मुश्किल, ती मान खाली घालून कमरेतून कट्टा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवायची. वर चहाचा कपही विसळून ठेवायची.

हे सगळं त्यांच्या खाटेखालच्या काळ्या फौजी ट्रंकेत जायचं. कट्टे, खटक्याचे चाकू, बोटांत घालायचे लोखंडी पंजे, एक मोडकी तलवार, सायकलची चेन. मी म्हणायचो, “सुभेदारसाहेब, ही ट्रंक सरहद्दीवर नेऊन नुसती उघडली तर समोरचा देश तहाचा कागद घेऊन धावत येईल.” ते म्हणायचे, “सर, हळू बोला.” दर खंडेनवमीला ते खोलीचं दार लावून ट्रंक उघडायचे आणि प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावायचे. सायकलच्या चेनीला सुद्धा. मी विचारलं, “चेनीला कशाला?” म्हणाले, “ती बिचारी सायकलीची होती. पोरांनी हत्यार केलं. त्यात तिचा काय दोष?”

कायद्याच्या भाषेत या सगळ्याला काय म्हणतात ते मला विचारू नका. प्रिन्सिपॉलसाहेबांनी एकदा विचारलं होतं, “त्या ट्रंकेत काय असतं हो?” मी म्हटलं, “सर, थंडीचे कपडे.” ते म्हणाले, “मलाही तेच वाटत होतं.” इतकं समंजस संभाषण आमच्या कॉलेजात त्यानंतर झालेलं नाही.

कॉलेजात तशा कमिट्याही होत्या. एक नशाबंदीची, एक हत्यारबंदीची. खेळांच्या मास्तराला काम नसतं अशी सार्वत्रिक समजूत असल्याने मी दोन्हीत. सोमवारी बसायची ती बाटल्यांवर बोलायची, शनिवारी बसायची ती कट्ट्यांवर. समोसे दोन्हीकडे तेच. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की पोरंही तीच. सोमवारी ज्याला समज दिली, तोच शनिवारी पुन्हा समोर. ज्याच्या गादीखाली पव्वा, त्याच्याच उशीत चाकू. मी एकदा म्हणून बघितलं, की साहेब, ह्या दोन कमिट्या एक करा, निदान समोसे तरी वाचतील. सगळे हसले. माझ्या बोलण्यावर हसायचं, ही तिथली सवय. मी स्वतःच लावलेली.

पण मी मैदानावरचा माणूस, पोरांना अर्ध्या चड्डीत बघणारा. अर्ध्या चड्डीत पोरगा खोटं बोलू शकत नाही. मला जे दिसायचं ते असं, की बाटली आणि कट्टा दोन्ही भित्र्याच्या खिशात असतात. नवीन शहर, नवीन पोरं, सीनियरांच्या शिव्या, गावाकडचं भांडण मागे बसमधून येतंय की काय ही धास्ती. पोराला धीर हवा असतो. कोणी तो घशाखाली शोधतो, कोणी कमरेला. एकाने भागत नाही म्हणून दुसरं. पिऊन झाल्यावर कमरेचं आठवतं आणि कमरेला हात गेला की आणखी एक घोट लागतो. जावा-जावांसारखं आहे त्यांचं. भांडतील, पण एकाच घरात नांदतील.

तो गेट हलवणारा पोरगा यातलाच. भिंडच्या रस्त्यावरच्या एका गावात त्यांचं एकच मराठी घर. कधीतरी पूर्वजाला जमीन मिळालेली, तेव्हापासून तिथे. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी, आणि पोराच्या तोंडात दोन्हीची खिचडी. कॉलेजात निघाला तेव्हा बापाने स्वतः ती वस्तू दिली. “शहर आहे. असू दे जवळ.” आई लाडू देते तसं.

मी त्याला उंच उडीत घेतला होता. काय पाय होते पोराचे! करकोचा लाजावा. दांडीकडे धावत यायचा, उडायचा, आणि तो पलीकडे खाली येईपर्यंत मी चहा पिऊन, कप परत देऊन, यायचो. ठीक आहे, वजा करा. पण जिल्ह्यात त्याच्याइतका उंच कोणी जात नव्हतं, हे कोणालाही विचारा. दांडीच्या वर असताना त्याचा चेहरा शांत असायचा. एरवी कधी नसायचा. मी म्हणायचो, “खाली काय आहे रे, असा घाबरून येतोस?” तो म्हणायचा, “सर, वर मस्त आहे. कोणी नाही तिकडे.”

पहिल्या वर्षी पीत नव्हता. दुसऱ्या वर्षी थंडीत सुरू झालं. इथली थंडी हाडांत शिरते हे कारण सगळ्यांना पुरतं. सुभेदारांना कळलं, तेव्हा त्यांनी त्याला काही दिवस आपल्या खोलीत झोपवलं. मारलं नाही, घरी कळवलं नाही. लसूण सोलायला बसवायचे. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं हे मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, मास्तर आता रंग भरतोय. म्हणून सांगत नाही.

तर तो गेटचा तमाशा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरांना पळवून हॉस्टेलच्या नळावर पाणी प्यायला गेलो. सुभेदारांच्या खोलीचं दार उघडं होतं. पोरगा आत उभा. आंघोळ केलेली, भांग पाडलेला, कपाळाला गंध. शर्टाची सगळी बटणं लावलेली. मला बघून लाजला.

“या सर,” सुभेदार म्हणाले. “हा माफी मागायला आलाय.”

“गेटची माग,” मी म्हटलं. “रात्रभर कण्हत होतं बिचारं.”

“सर, तुम्ही पण ना,” तो पुटपुटला. मग सुभेदारांकडे वळला. “काका, कालचं सोडून द्या. आज मी घरी चाललोय. उद्या खंडेनवमी. बाबांनी फोनवर सांगितलंय, घरातली सगळी हत्यारं पूजेला पाहिजेत. मागच्या वर्षी मी नेला नव्हता, तर आजी फार बोलली. म्हणाली, एक शस्त्र घराबाहेर राहिलं तर पूजा अधुरी राहते.”

सुभेदारांनी खाटेखालच्या ट्रंकेकडे बघितलं.

“काका, आज गुरुवार आहे,” तो म्हणाला आणि हसला. “विचारा अजून काही. पहाडे म्हणू? बे एके बे?”

सुभेदारांनी त्याला जवळ बोलावलं. तोंडाचा वास घेतला. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, फौजेतला डॉक्टर बघतो तशी. हात पुढे करायला लावले. बोटं थरथरत नव्हती. मग म्हणाले, “बस कधीची?”

“दुपारची.”

“थेट बसस्टँड?”

“थेट, काका.”

“मध्ये कुठे थांबायचं नाही.”

“नाही.”

आता तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं होतं. मलाही पुढे कितीतरी लोक हेच म्हणाले. हरिशंकरपुरमच्या बंगल्यात राहणारे आमचे एक प्राध्यापक तर म्हणाले की अडाणीपणा, निव्वळ अडाणीपणा. पण त्या खोलीत त्या वेळी तुम्ही असतात तर? पोरगा शुद्धीत. दिलेला शब्द, शुद्धीत मागशील तेव्हा मिळेल. आणि मागतोय कशासाठी, तर खंडेनवमीच्या पूजेला. फौजी घराण्यातल्या माणसाने दुसऱ्या फौजी घराण्याच्या देवघरातलं शस्त्र अडवायचं? माझे आजोबा असते तर त्यांनी दिलं असतं. मी, ज्याने आयुष्यात शिट्टीखेरीज काही वाजवलं नाही, मीसुद्धा दिलं असतं.

त्यांनी ट्रंक ओढली. लाल फडक्यात बांधलेली वस्तू काढली. दुसऱ्या पुरचुंडीत काडतुसं होती, तीही काढली. मी म्हटलं, “सुभेदारसाहेब, ही कशाला? पूजेला रिकामाही चालेल.”

“सर, अमानत अर्धी परत करत नाहीत.”

त्यांनी बोटाने कट्ट्याला कुंकू लावलं, पोराच्या कपाळालाही लावलं. पोरगा वाकून पाया पडला. माझ्याही पडला. मी पाठीवर थाप मारली. “येताना घरचं तूप आण, नाहीतर दांडी अशी वर लावीन की विमानवाले तक्रार करतील.”

इथून पुढे वजा करायला काही नाही.

दुपारी मैदानावर कोणी नव्हतं. सुट्ट्या लागल्या म्हणून पोरं भराभर गावी निघाली होती. मी शेडमध्ये भाले आणि थाळ्या मोजून कुलूप लावत होतो. मैदानाच्या पलीकडे एक पडकी प्रेक्षागॅलरी आहे, तिच्या मागे आवाज झाला. दसऱ्याच्या आधी पोरं फटाके वाजवून बघतात. मी कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली. मग कोणीतरी ओरडलं, “सर!” फटाका वाजल्यावर कोणी सरांना हाक मारत नाही.

मी धावलो. शंभर मीटरमध्ये मी हरिणाला मागे टाकल्याची गोष्ट मी शेकडो पोरांना सांगितली आहे. त्या दिवशी ते मैदान संपत नव्हतं.

तो गॅलरीच्या पायरीला टेकून बसला होता. त्याचे दोन मित्र बाजूला उभे, एकाच्या हातात अजून प्लास्टिकचा ग्लास. बस चुकली होती का सोडली होती, काय माहीत. जाण्याआधी एकेक घेऊ म्हणून बसले. एकेकची दोनदोन. मग मित्रांनी म्हटलं, दाखव की. त्याने फडकं सोडलं. दाखवला. भरून दाखवला. दाखवून झाल्यावर कमरेत खोचत होता.

गोळी मांडीत गेली होती. आतल्या बाजूने.

मी रक्त बघितलेलं नाही असं नाही. मैदानावर गुडघे फुटतात, भुवया फाटतात. पण हे रक्त वेगळं होतं. हे थांबायच्या विचारात नव्हतं. मी दोन्ही तळव्यांनी दाबलं. एका पोराला म्हटलं, सुभेदारांना बोलव, पळ. दुसऱ्याला म्हटलं, गाडी, कोणाचीही गाडी आण.

त्याने माझ्या मनगटाला धरलं. तोंडाला तोच कालचा वास.

“सर, काकांना बोलवू नका.”

“चूप बैस. बोलू नकोस.”

“त्यांना नका ना सांगू, मी पिऊन आहे.”

मला चांगला जबाब सुचतो अशी माझी गावभर ख्याती आहे. मी म्हटलं, “नाही सांगत.”

सुभेदार आले. त्या वयाचा माणूस असा धावताना मी पाहिला नव्हता. आल्या आल्या कमरेचा पट्टा काढला, मांडीला वर बांधला, दांडका घालून पिळला. हात सराईत होते. पोराकडे बघत नव्हते, फक्त पायाकडे. पोराने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं शुद्ध हरपली. पण नाही. मान पलीकडे वळवून, ओठ घट्ट मिटून पडला होता. वास येऊ नये म्हणून.

सुभेदारांना वास आलाच असणार. ते एवढंच म्हणाले, “बेटा, तोंड उघड. श्वास घे.”

मेसच्या भाजीची गाडी मिळाली. मागे कोबीची पोती होती, त्यावर त्याला टाकलं. मी डोकं धरलं, सुभेदार पट्टा. गाडीवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. रस्त्यात जागोजागी रावणाचे सांगाडे उभे होते, बांबूचे, अजून कागद न चिकटवलेले. पोरगा पाय फार गार पडलेत म्हणाला. सुभेदारांनी एका हाताने त्याचे मोजे वर ओढले. हॉस्पिटलचं फाटक दिसलं तेव्हा मी म्हटलं, “आलं बघ, आलं.” त्याने ऐकलं की नाही मला ठाऊक नाही. डॉक्टरांनी त्याला आत नेलं, आणि फार लवकर बाहेर आले.

त्या संध्याकाळी सुभेदार स्वतः ठाण्यात गेले. ट्रंक सोबत घेऊन गेले. ठाणेदाराने झाकण उघडलं आणि आत बघत राहिला. सगळ्या वस्तू ओळीने, कोणाच्याच नावाची चिठ्ठी नाही. “यह किसका है, यह किसका?” त्याने विचारलं. सुभेदारांनी सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. पोरांची नावं नाही सांगितली. जामिनासाठी मी गेलो. त्यांची नोकरी गेली, केस चालू राहिली, तिचं काय होईल ते होईल. कॉलेजने मोठं पत्रक लावलं. दोन कमिट्यांची शेवटी एक झाली. पहिल्या बैठकीला समोसे मागवले नव्हते.

दिवाळी संपल्यावर पोराचे वडील त्याचं सामान न्यायला आले.

सुभेदारांनी आपली खोली अजून रिकामी केली नव्हती. त्यांनाही सामान आवरायचं होतं. मला म्हणाले, “सर, तुम्ही थांबा.” मी थांबलो. माझ्याशिवाय कोणाच्याने त्यांच्या मिशा बघवत नव्हत्या. त्या आता फक्त केस होत्या.

वडील उंच माणूस. पोराचे पाय कुठून आले ते दिसलं. पांढरा शर्ट, खांद्यावर गमछा, हातात सुतळी. आम्ही पोराच्या खोलीत थांबलो होतो, तिथे आले, मला राम राम केला, सुभेदारांना केला, आणि पोराच्या खाटेकडे वळून सामान आवरायला लागले. पुस्तकं पोत्यात भरली. बूट, खिळ्यांचे, उडीचे, हातात घेऊन फिरवून बघितले, त्यावरची माती नखाने काढली, तेही भरले.

सुभेदार उभे होते. सावधान उभे होते, परेडला असावेत तसे.

“वस्तू मी दिली,” ते म्हणाले. “माझ्या हाताने दिली. काडतुसांसकट.”

वडिलांनी मान हलवली. गादी गुंडाळायला घेतली.

“आदल्या दिवशी पिऊन आला होता. मला माहीत होतं तो पितो. तरी दिली.”

गादी सारखी सुटत होती. मी एक टोक धरलं.

“पूजेला पाहिजे म्हणाला,” सुभेदार म्हणाले. “खरं होतं का ते? आपण मागवली होती का?”

“हो,” वडील म्हणाले. “मागवली होती.”

“मग मला शिव्या द्या. चप्पल काढून मारा. काहीतरी बोला तर खरं!”

त्या खोलीत मी सुभेदारांना पहिल्यांदाच आवाज चढवताना ऐकलं. बाहेर व्हरांड्यातून जाणारी पोरं थबकली.

वडिलांनी सुतळीची गाठ मारली, दाताने शेवट तोडला. गादीखाली एक निळी सतरंजी राहिली होती. ती त्यांनी उचलली, झटकली, उलटसुलट बघितली.

“अमानत होती, आपण परत केलीत,” ते म्हणाले. “ही सतरंजी त्याची, की हॉस्टेलची?”